गोटी पोचली, पण कधी?

रविवारची सकाळ, नोएडातलं एक मराठी घर. गॅसवर पोहे, टेबलावर भौतिकशास्त्राची उघडी वही आणि वहीतल्या एका उत्तराभोवती लाल पेनाचं वर्तुळ. वर्तुळाच्या आत १३.४.

गणित साधंच होतं. एक ग्रॅम वजनाची गोटी, तिच्यावर एक मायक्रोकूलोम धनभार. तेवढ्याच भाराची दुसरी गोटी तिच्यापासून दहा सेंटीमीटरवर पक्की बसवलेली. मेज गुळगुळीत, घर्षण नाही. पहिली गोटी सोडून दिली, तर दोघींमधलं अंतर वीस सेंटीमीटर होईल तेव्हा तिचा वेग किती?

बारावीतल्या मुलीने कूलोमचा नियम लावून बल काढलं, ०.९ न्यूटन. वस्तुमानाने भागून त्वरण काढलं, सेकंदवर्गाला ९०० मीटर. मग नववीपासून तोंडपाठ असलेलं समीकरण: वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. दोन गुणिले ९०० गुणिले ०.१, म्हणजे १८०. वर्गमूळ १३.४. गुणाकार बरोबर, एककं बरोबर, उत्तर चूक.

लाल पेन तिच्या आईच्या हातातलं होतं. दिल्लीतल्या एका शाळेत पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून या चुकीची त्यांना इतकी सवय झाली होती की त्या रागावल्यासुद्धा नाहीत. रविवारचा पाहुणा म्हणून त्यांचा धाकटा भाऊ आला होता. गुरुग्रामच्या एका कंपनीत यंत्रांच्या हालचाली आधी संगणकावर चालवून बघायच्या, हा त्याचा रोजचा उद्योग. पोह्यांवर लिंबू पिळतापिळता त्याने वहीत डोकावलं आणि तिथून दोघांची जुंपली.

“९०० हे त्वरण कुठलं आहे गं?” ताईंनी लेकीला विचारलं.

“निघतानाचं.”

“आणि पोचताना?”

मुलीने मनात हिशेब केला. अंतर दुप्पट, म्हणजे बल चौथाई. “२२५.”

“मग सगळ्या वाटेवर ९०० कशाला धरलंस?”

“बरं, सरासरी घेते.” तिने दोन्हींची बेरीज अर्धी केली, ५६२.५. वेग आला १०.६.

“हेही चूक. सरासरीच घ्यायची तर भूमितीमध्य घे. ९०० गुणिले २२५ चं वर्गमूळ, ४५०. आता समीकरणात घाल, ९.५ येईल आणि ते अगदी बरोबर आहे. पण असं का होतं ते कळल्याशिवाय ही युक्ती वापरायची नाही. हे फक्त अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणाऱ्या बलालाच लागू पडतं.”

ताईंचा स्वतःचा मार्ग वेगळा. त्यांच्या मते इथे त्वरण काढायची गरजच नाही. दहा सेंटीमीटरवर दोन गोट्यांच्या जोडीत ०.०९ ज्यूल स्थितिज ऊर्जा साठलेली आहे. वीस सेंटीमीटरवर ती निम्मी होते, ०.०४५. उरलेली ०.०४५ ज्यूल गोटीच्या गतीत गेली. वेगाचा वर्ग ९०, वेग सेकंदाला ९.५ मीटर. तीन ओळी आणि गणित खलास.

“आणि तुझ्या १३.४ ची गंमत सांगू?” त्या म्हणाल्या. “सगळीच्या सगळी ०.०९ ज्यूल गतीत गेली तर वेग १३.४ होतो. म्हणजे तू वीस सेंटीमीटरवर जो वेग दिलास, तो गोटीला अनंत अंतरावर गेल्यावर मिळणार. वाटेत कुठेच नाही.”

योगायोग नव्हता. सुरुवातीचं बल न बदलता मूळ अंतराइतकंच अंतर चालवलं, की होणारं कार्य साठलेल्या एकूण ऊर्जेइतकंच भरतं. चूकसुद्धा नियमाने वागत होती.

भावाने बशी बाजूला सारली. “ताई, ९.५ मान्य. पण गोटी तिथे पोचली कधी?”

“ते विचारलेलंच नाही.”

“तेच तर म्हणतोय. विचारत का नाहीत?”

त्याने मोबाइलवर एक तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात त्वरण, तिसऱ्यात वेग, चौथ्यात अंतर. एका मिलिसेकंदाचं एक पाऊल. पहिल्या पावलात त्वरण ९००, म्हणून वेग ०.९, अंतर १०.०९ सेंटीमीटर. आता या नव्या अंतरावरचं त्वरण नव्याने काढायचं, ८८४. वेग १.७८, अंतर १०.२७. पुन्हा नवं त्वरण, ८५४. वेग २.६४, अंतर १०.५३. दर पावलाला त्वरण अचल आहे असं घटकाभर मानायचं, पाऊल संपलं की ते मानणं मोडायचं. सोळाव्या पावलाला अंतर १९.४ झालं, सतराव्याला २०.४. पावलं आणखी बारीक केली की उत्तर १७.१ मिलिसेकंदांवर स्थिरावतं.

“आता गंमत माझी,” तो म्हणाला. “९.५ भागिले १७.१ मिलिसेकंद. सरासरी त्वरण किती?”

मुलीने भागाकार केला. “५५४ च्या आसपास. पण आई तर ४५० म्हणाली!”

“दोन्ही खरं. आईची सरासरी अंतरावर काढलेली आहे, माझी वेळेवर. सुरुवातीला गोटी हळू असते, म्हणून जिथे त्वरण जास्त तिथेच तिचा जास्त वेळ जातो. वेळेच्या हिशेबात ते मोठे आकडे जास्त मोजले जातात. अचल त्वरण असतं तर दोन सरासऱ्या एकच आल्या असत्या. इथे येत नाहीत.”

ताई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. “अरे, वेळ माझ्याही पद्धतीने निघते. ऊर्जेवरून प्रत्येक जागेचा वेग मला कळतो. वाटेचा बारीक तुकडा घे, त्याला तिथल्या वेगाने भाग, सगळे तुकडे मिळव. त्यालाच संकलन म्हणतात आणि या गणितात ते नीट सुटतं. तुझेच १७.१ येतात, पावलंबिवलं काही नको. न्यूटनच्या नियमाचं दोनदा संकलन करायचं असतं, ऊर्जेने त्यातलं एक आधीच करून ठेवलंय. मी अर्धी वाट फुकटात चालते, तू सगळी पायी जातोस.”

“दोन गोट्या आहेत तोवर. तिसरी सोडून बघ.”

हा मात्र नेमका घाव होता. वेगवेगळ्या वजनांच्या आणि भारांच्या तीन गोट्या एकदम मोकळ्या सोडल्या, तर ऊर्जेचा नियम तिघींच्या गतिज ऊर्जेची बेरीज देतो, तीसुद्धा त्या कुठे आहेत ते आधी ठाऊक असेल तर. संवेगाचा नियम जोडला तरी कोणाच्या वाट्याला किती वेग आला हे सांगता येत नाही. तीन वस्तूंसाठी सर्वसाधारण, एका ओळीत मांडता येईल असं सूत्र मिळत नाही. पावलापावलानेच जावं लागतं.

आणि ही रीत संगणकाच्या जमान्यातली नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियमही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातलाच. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार, हे शोधायला १७५७-५८ मध्ये पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड केली. गुरू आणि शनी धूमकेतूला कुठे किती ओढतात ते टप्प्याटप्प्याने मोजत गेले. त्यांचं भाकीत होतं १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याजवळ, महिनाभर इकडेतिकडे. धूमकेतू तिथे पोचला १३ मार्चला. धूमकेतू येणार हे हॅलेने सांगितलं होतंच. या तिघांनी “कधी” चं उत्तर दिलं.

ताईंचा पुढचा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि दिल्लीत राहणाऱ्या कुणालाही तो नाकारता येणार नाही. आयआयटीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर काळू सराय आहे. तिथल्या गल्ल्यांमध्ये कोचिंगच्या पाट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. जेईई मेनला सध्या तीन तासांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त. कॅल्क्युलेटर नेता येत नाही. “त्यात ही पोर सतरा पावलं कुठे टाकणार?” ताईंनी विचारलं. “तीन ओळींत उत्तर देणारी पद्धत तिच्या हातात देणं हे माझं काम आहे.”

“परीक्षेला दे ना. पण तुझ्या पुस्तकाने काय केलंय बघ.”

त्याने शेल्फवरून बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकाचे दोन्ही भाग काढले. पहिल्या भागातल्या पहिल्याच प्रकरणात एक सोडवलेलं उदाहरण आहे. एकसमान विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन दीड सेंटीमीटर “पडतो”, मग क्षेत्राची दिशा उलटवून प्रोटॉनला तेवढंच पाडतात. विचारलंय काय? लागलेली वेळ. इलेक्ट्रॉनला सुमारे २.९ नॅनोसेकंद, प्रोटॉनला सुमारे १३०. दुसऱ्या भागात अणूंच्या प्रकरणात गायगर आणि मार्सडेन यांच्या प्रयोगावरचं उदाहरण आहे. ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकावर नेमका समोरून जातो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. विचारलंय ते, तो किती जवळ पोचतो एवढंच. उत्तर सुमारे ३० फेम्टोमीटर, ऊर्जेच्या एका ओळीत.

“क्षेत्र एकसमान असलं की ‘किती वेळ’ विचारायचं, क्षेत्र बदलतं असलं की ‘किती जवळ’ किंवा ‘किती वेग’,” भाऊ म्हणाला. “जिथे वेळ काढणं जड जातं, तिथे प्रश्नच बदलायचा. मुलांना वाटतं तिथे वेळ नावाची भानगडच नसते. म्हणून ती सापडेल त्या गणितात ९०० घालून मोकळी होतात.”

ताईंनी मान डोलावली, पण अल्फा कणाचं उदाहरण हातचं जाऊ दिलं नाही. “तुझी पावलं तिथे लावून बघ म्हणजे मी ऊर्जा का धरून बसते ते कळेल.” त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. उलटं फिरण्याच्या त्या बिंदूवर एका अल्फा कणावर बल येतं सुमारे ४२ न्यूटन. मंडईतून सव्वाचार किलोची पिशवी उचलताना हाताला जे ओझं लागतं तेवढं, आणि तेही डोळ्यांना, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या एकट्या कणावर. त्याच कणावर दहापट लांब असताना बल होतं अर्ध्या न्यूटनच्याही आत. त्वरण एकावर सत्तावीस शून्यांच्या पलीकडे जातं. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या बलाच्या वाटेवर मोठी पावलं टाकली, तर कण गणितात सरळ केंद्रकाच्या आरपार निघून जाईल. “ऊर्जा असं कधी होऊ देत नाही. तुझं पाऊल चुकलं की नाही हे तपासायलाही शेवटी माझीच पद्धत लागते.”

भावाला हे मान्य करावं लागलं. त्याच्या ऑफिसातही संगणकाने काढलेली हालचाल खरी की खोटी हे बघायला एकूण ऊर्जा टिकून आहे का तेच आधी पाहतात. तरी जाताजाता त्याने खडा टाकला. “पण ऊर्जा टिकते कुठे? भारित वस्तूला त्वरण मिळालं की ती प्रारण सोडते. लार्मरचं सूत्र आहे, १८९७ चं. तुझ्या गोटीची ऊर्जा गळतेय.”

“किती गळतेय तेही सांग की.” ताईंनीच सूत्रात आकडे घातले. सर्वांत जास्त त्वरणाच्या क्षणालाही गळती एका वॉटच्या अब्जांशाचा अब्जांश घ्या, त्याच्याही पाच हजारपट कमी. “एवढ्यासाठी मी ऊर्जेचा नियम सोडू?”

दुपारी तिघंही वसंत कुंजला एका नातेवाइकांकडे जेवायला निघाले. बोटॅनिकल गार्डनला मेट्रोची मजेंटा लाइन पकडली. २८ डिसेंबर २०२० रोजी भारतातली पहिली चालकाशिवायची मेट्रो सुरू झाली ती याच मार्गावर. पहिल्या डब्यात, जिथे चालक बसायचा तिथे पोरं काचेला नाक लावून उभी असतात.

कालिंदी कुंजच्या पुढे गाडीने वेग घेतला. मुलीने दांडा सोडला आणि पाय रोवून उभी राहिली. मामाने विचारलं, “कधी तोल जातो, गाडी जोरात असते तेव्हा?”

“नाही. सुटताना आणि थांबताना.”

“सुटून झाल्यावर वेग वाढतच असतो, तेव्हा?”

तिने पुढच्या स्थानकावर लक्ष देऊन पाहिलं. एकसारखा वेग वाढत असताना अंग थोडं मागे कलतं आणि तसंच स्थिर राहतं. तोल जातो तो त्वरण सुरू होतं किंवा संपतं त्या क्षणी. त्वरण किती झपाट्याने बदलतं याला इंग्रजीत जर्क म्हणतात. मराठीत हिसका हा शब्द त्याहून नेमका आहे, कारण तो अंगाला बसतो. गाडीच्या नियंत्रणात या हिसक्यालाही मर्यादा घातलेली असते, नाहीतर उभे प्रवासी एकमेकांवर पडले असते.

“गोटीला हिसका कुठे बसतो?” तिने विचारलं.

मामाने मोबाइल तिच्या हातात दिला. तक्त्यातला त्वरणाचा रकाना तिने वरून खाली वाचला: ९००, ८८४, ८५४, ८११, ७६१, ७०५, ६४८, ५९१, ५३६. मग शेजारच्या दोघांमधला फरक: १६, ३०, ४३, ५०, ५६, ५७, ५७, ५५.

“आधी वाढतो, मग कमी होतो! सहा-सात मिलिसेकंदांना सगळ्यात जास्त.”

ताई इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, “मूळ अंतराच्या सात षष्ठांश. म्हणजे ११.७ सेंटीमीटर. सुटण्याच्या क्षणी त्वरण सर्वांत मोठं, पण गोटी जागची हललेलीच नसते, म्हणून ते बदलत नाही. लांब गेल्यावर वेग भरपूर, पण बलच उरत नाही. मध्ये कुठेतरी शिखर येणार, ते सात षष्ठांशावर येतं.” तक्त्यात सहाव्या पावलाला अंतर ११.८ होतं. ऊर्जा आणि पावलं, दोघांनी एकच जागा दाखवली होती.

आयआयटीच्या स्थानकावर उतरून त्यांनी रिक्षा केली. रिक्षा अरुणा असफ अली मार्गाला लागली. एका अंगाला संजय वनाची झाडी, आणि याच रस्त्यावर, जेएनयूला लागून, एक संस्था आहे जिच्या फाटकासमोरून रोज हजारो माणसं जातात आणि आत काय चालतं याची फार थोड्यांना कल्पना असते. आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये ते न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने उभं केलं, देशातलं असं पहिलं आंतरविद्यापीठ केंद्र. पुढे नाव बदललं. देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक इथे येऊन काम करतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून चालणारं पेलेट्रॉन यंत्र हे इथल्या यंत्राच्याच जातकुळीतलं.

सकाळचं भांडण जणू या आवारात यंत्रांच्या रूपात उभं आहे. भारित कणाला मिळणारं त्वरण इथे तीन तऱ्हांचं आहे.

पहिली तऱ्हा एकसमान त्वरणाची. सव्वीस मीटरहून उंच उभी टाकी, तिच्या मधोमध दीड कोटी व्होल्टपर्यंत चढवता येणारं टोक. धातूच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे पेलेटांची, आणि नायलॉनच्या दुव्यांची माळ फिरत राहते आणि वर भार नेऊन पोचवते, त्यावरूनच पेलेट्रॉन हे नाव. टाकीत सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू दाबाखाली भरलेला असतो, म्हणजे ठिणगी पडू नये. कण जिथून जातो त्या नळीवर व्होल्टेज कड्याकड्यांत समान वाटून दिलेलं असतं, त्यामुळे क्षेत्र जवळजवळ एकसारखं राहतं. मुलीचं नववीचं समीकरण इथे चालतं. चालावं म्हणून माणसांनी मुद्दाम तशी नळी बांधली आहे.

हिशेब मात्र ताईंच्या रीतीचा. समजा टोक एक कोटी व्होल्टवर आहे आणि खालून एक जादा इलेक्ट्रॉन असलेला ऑक्सिजनचा ऋण आयन आला. टोकापर्यंत त्याला दहा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळाले. तिथे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात. सहा धनभार घेऊन तो बाहेर पडला तर त्याच टोकाने तो आता दूर ढकलला जातो आणि आणखी साठ मिळतात. एकूण सत्तर. वाटेत त्वरण कुठे किती होतं, हे कुणी विचारत नाही.

दुसरी तऱ्हा त्यापुढच्या रेषीय त्वरकात. निओबियमच्या पोकळ्या द्रव हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केलेल्या, आणि त्यांच्यातलं विद्युतक्षेत्र सेकंदाला ९ कोटी ७० लाख वेळा डोलणारं. आपला सत्तरचा ऑक्सिजन आयन प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याने धावतो आहे. क्षेत्र एका दिशेकडून दुसरीकडे वळायला पाच नॅनोसेकंदांच्या किंचित वर घेतं, तेवढ्यात तो पंधरा सेंटीमीटर जातो. वेळ साधली तर पुढे ढकलला जाईल. पाच नॅनोसेकंद उशीर झाला तर तीच पोकळी त्याला मागे ओढेल. म्हणून आयनांचा सलग झोत आधी पुंजक्यांत बांधतात आणि प्रत्येक पुंजका ठरल्या क्षणी आत सोडतात. इथे क्षेत्रच वेळेबरोबर बदलतं, त्यामुळे जागेवर अवलंबून असलेली स्थितिज ऊर्जा मांडता येत नाही. “कधी” हे कळल्याशिवाय “किती” चं उत्तर नाही.

“बोल ताई,” रिक्षात भाऊ म्हणाला.

“तिसरी तऱ्हा राहिली की.” आयन शेवटी लक्ष्यावर आदळतो. समोर केंद्रक, दोघंही धनभारित. आता पुन्हा कूलोमचं बल, गोट्यांचं सकाळचंच गणित, फक्त उलट्या दिशेने. तो किती आत घुसेल, दोन केंद्रकं एकमेकांना शिवतील की त्याआधीच दूर फेकली जातील, हे ठरतं ऊर्जेवर. अणुकेंद्रकांवर प्रयोग करणाऱ्याला कूलोमची ही भिंत किती उंच आहे ते आधी काढावं लागतं, मगच तो किती ऊर्जेचा झोत हवा ते मागतो.

याच केंद्रात गेल्या दोन दशकांत शाळा-कॉलेजांसाठी एक स्वस्त प्रयोगपेटी तयार झाली, एक्सपाईज नावाची. ती संगणकाला जोडायची आणि पायथनमध्ये चार ओळी लिहून मोजमाप घ्यायचं. कोट्यवधी व्होल्टच्या यंत्राशेजारी हातात मावणारी पेटी, आणि दोन्हींमागचा आग्रह एकच, की मुलांनी बदलती गोष्ट प्रत्यक्ष मोजून पाहावी.

टाकीत तो वायू का भरतात, हे मुलीच्या डोक्यात घोळत होतं. “साध्या हवेने काय झालं असतं?”

“हवा मीटरला तीस लाख व्होल्टच्या आसपास दम सोडते, ठिणगी पडते,” ताई म्हणाल्या आणि एकाएकी थांबल्या. त्यांनी वही मागितली. एक सेंटीमीटर व्यासाच्या गोटीवर एक मायक्रोकूलोम भार ठेवला तर तिच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र हवेला सोसेल त्याच्या शंभरपटीच्याही वर जातं. अशा गोटीवर हवेत आठ नॅनोकूलोमपलीकडे भार टिकायचा नाही. पूर्ण एक मायक्रोकूलोम मावायला निदान अकरा सेंटीमीटर व्यासाचा गोळा हवा. असे दोन गोळे, केंद्रापासून केंद्रापर्यंत दहा सेंटीमीटरवर ठेवायचे म्हटले तर एकमेकांत घुसतील.

“म्हणजे गणितच खोटं?” मुलगी हसायला लागली.

“नियम खरे, गोट्या खोट्या,” ताईंनी वही मिटली. “पंचवीस वर्षं मी हेच गणित देतेय.”

दोघांच्या भांडणाचा निकाल लावायचा तर असा लागतो. बदलत्या त्वरणात नववीची समीकरणं चालत नाहीत, हे सांगून शिक्षकाचं काम अर्धंच होतं. ऊर्जेची पद्धत आधी शिकवावी, कारण ती छोटी, खात्रीची आणि परीक्षेत टिकणारी आहे. पण त्याच तासाला एक तक्ता मुलांकडून भरून घ्यावा, निदान पाच पावलांचा. त्याला कॅल्क्युलेटर आणि पंधरा मिनिटं पुरतात. आणि पाठ्यपुस्तकाने बदलत्या क्षेत्रातल्या एका तरी उदाहरणाखाली “किती वेळ लागला” एवढं विचारावं. उत्तर देता आलं नाही तरी चालेल, पण तो प्रश्न असतो हे तरी मुलांना कळेल.

संध्याकाळी घरी परतल्यावर मुलीने वही पुन्हा उघडली. लाल वर्तुळाखाली आता तीन ओळी आहेत. वेग सेकंदाला ९.५ मीटर. वेळ १७.१ मिलिसेकंद. अशा गोट्या हवेत दहा सेंटीमीटरवर ठेवता येत नाहीत. उत्तरपत्रिकेत यातल्या पहिल्याच ओळीला गुण आहेत.